पाचवा दगड

मयेकर सर गेल्याची बातमी आमच्या पानावर चार ओळींत आली. ती मीच लिहिली. नाव, वय, कोणत्या गावी गेले, कुठे कुठे काम केले. सरांनी ती तीन ओळींत बसवली असती. ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द मी लिहिले आणि खोडले. आजार किती अल्प होता हे मला माहीत नव्हते. मी तो पाहिला नव्हता, मालवणहून आलेल्या फोनवर ऐकला होता.

‘पाहिलंस की ऐकलंस?’ हा सरांचा प्रश्न होता. आमच्या जिल्हा कार्यालयात काम केलेल्या प्रत्येकाने तो ऐकला आहे. अपघाताची बातमी असो, मंत्र्याच्या दौऱ्याची असो की कुणाच्या बैलजोडीच्या चोरीची, कागद हातात घेतला की ते चष्म्यावरून पाहत आणि एवढेच विचारत. ऐकलेले असेल तर कुणाकडून ऐकले ते लिहायचे. दोन्ही नसेल तर कागद परत.

ते मुंबईच्या मुख्य कचेरीतून कार्यालयप्रमुख म्हणून आले, तेव्हा दारावरच्या पाटीवर अजून उस्मानाबाद होते. मूळ मालवणचे, पन्नाशी उलटलेले, लग्न न केलेले. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला लाल पेन. बातम्या संगणकावर येऊ लागल्या तरी ते त्या कागदावर छापून घेत आणि लाल पेनाने विशेषणे कापत. ‘निसर्गरम्य’ हा शब्द त्यांच्या हातून कधी जिवंत सुटला नाही. ‘रम्य आहे की नाही ते वाचणारा ठरवील. तिथे झाडं कसली आहेत ते सांग,’ म्हणत.

देवाधर्माचे त्यांना वावडे नव्हते, कामही नव्हते. एकदा तालुक्याच्या वार्ताहराचा फोन आला.

‘सर, हितं मारुतीच्या मूर्तीला घाम आलाय. लई गर्दी लोटलीय.’

‘तू पाहिलास?’

‘वलं दिसतंय, सर.’

‘मग ओलं दिसतंय असं लिही. घाम आला असं लोक म्हणतात, असं लिही. ‘म्हणतात’ हा शब्द आपला, बाकी सगळं त्यांचं.’ फोन ठेवून ते आमच्याकडे वळले. ‘देव बातमीत आला तर अवतरणचिन्हात. बाहेर काढायचा नाही.’

बदली शिक्षा म्हणून झाली, असे कार्यालयात बोलले जाई. सर त्यावर बोलत नसत, पण हा मुलूख त्यांना आवडला नव्हता, हे लपत नव्हते. त्यांच्या टेबलामागच्या खिडकीतून गावाबाहेरचा माळ दिसे. ती खिडकी ते बंद ठेवत. एकदा म्हणाले, ‘समुद्रावरच्या माणसाला डोंगर चालतो. वाळवंटसुद्धा चालेल. हे काय आहे? नुसतं अंतर.’

त्या वर्षीची येळवस आली. मार्गशीर्षातली ही अमावस्या लातूर आणि धाराशिवकडचे लोक घरात राहून पाळत नाहीत. सगळे गाव शेतात जाते. बाजार बंद, हॉटेले बंद, रस्त्यावर कुत्रीसुद्धा कमी. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, म्हणजे लहानशी खोपी. तिच्यात पाच दगड चुन्याने रंगवून मांडतात. ते पाच पांडव. त्यांच्यापुढे आंबील, भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे. पूजा झाली की वाटेने जाणाऱ्या कुणालाही जेवायला बोलावतात. ज्याला शेत नाही तो कुणाच्या तरी शेतात जेवतोच.

सरांना हे सांगून पाहिले. ‘सण तुमचा, अंक रोजचा,’ ते म्हणाले. माकणीच्या धरणातल्या पाण्याची बातमी करायची होती आणि कुणी जायला तयार नव्हते, म्हणून ते स्वतः निघाले. मी नोकरीत नवा होतो, नाही म्हणता आले नाही. माझ्या मोटारसायकलवर ते मागे बसले. वाटेत कुठे चहासुद्धा मिळाला नाही.

माकणीच्या अलीकडे एक माणूस रस्त्याच्या मध्ये हात वर करून उभा होता. अपघात झाला असावा असे वाटून मी ब्रेक दाबला. सर उतरून धावत पुढे गेले. खिशातले पेन हातात आले होते.

‘काय झालं?’

‘जेवायचं झालंय. चला.’

हे बब्रुवान तात्या. साठीच्या जवळचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. सरांनी आपण वर्तमानपत्राचे आहोत, कामावर आहोत, वगैरे सांगितले. तात्या ऐकून घेत होते आणि सरांचा दंड धरून त्यांना बांधावरून खाली उतरवतही होते. कोपीपाशी त्यांची बायको गिरजाबाई वाढत होती. ‘या की सर, लाजू नका. आज कुणी परकं नसतंय,’ ती म्हणाली. ‘आन् लाजला तर उपाशी राहाल. गावात काय बी घावायचं न्हाय आज.’

तात्या लिंबाच्या डहाळीने पिकावर आंबील शिंपडत शेताला फेरी घालत होते आणि ओरडत होते, ‘ओलग्या ओलग्या, सालन पलग्या!’ शेजारच्या शेतांतूनही तेच ओरडणे येत होते. सरांनी अर्थ विचारला.

‘कुणाला ठावं. आजा वरडायचा, बाप वरडायचा, म्या वरडतो.’

‘पण म्हणजे काय?’

‘शेताला कळतंय की सर. तुमी जेवा.’

त्याच वेळी ज्वारीवरून भोरड्यांचा थवा उठला. हिवाळ्यात लांबून येणारे हे पक्षी, अंगाने गुलाबी, डोक्याने आणि पंखांनी काळे. कणसात चीक भरला की त्यांच्या झुंडी उतरतात. थवा वर गेला, वळला, दाट झाला, पुन्हा विरला आणि आमच्या डोक्यावरून इतक्या खालून गेला की पंखांचा वारा लागला. सरांच्या हातात आंबिलीचा पेला तसाच होता.

‘अरे, ह्यां काय!’ ते म्हणाले. त्यांच्या तोंडून मालवणी मी तेव्हा प्रथम ऐकली.

जेवण झाल्यावर ते कोपीपुढे उकिडवे बसून आत पाहत राहिले. कडब्यातून येणारे ऊन, गिरजाबाईने पेंढ्यांवरून टाकलेले हिरवे लुगडे, पाच पांढरे दगड.

‘हे किती दिवस असतं?’

‘उद्या सकाळी बैलं खातेत,’ तात्या म्हणाले.

‘देऊळ?’

‘कोप. कडबाच हाय नव्हं? आन् दगड बांधावर टाकायचे. पुढल्या साली दुसरे.’

‘आणि देव?’

‘देव कुठं जातोय? ह्यो काय, शेतातच हाय की.’

सरांनी धरणावर जाऊन पाण्याची बातमी केली. कार्यालयात येऊन ती लिहिली. बातमीत येळवशीचा शब्द नव्हता. दुसऱ्या दिवशी मी विचारले, तर म्हणाले, ‘लिहून पाहिलं. अवतरणात बसेना.’

त्यानंतर टेबलामागची खिडकी उघडी दिसू लागली. रविवारी सर एसटीने माकणीला जाऊ लागले. पहाटे हरभऱ्यावर गिरजाबाई पातळ धोतर पसरवी. दव आणि पानांचा खार त्यात उतरे. ते पिळले की आंबट पाणी निघे. पोटदुखीवर घरोघर ठेवायचे ते औषध. सर ते धोतर पिळायला बसत आणि बोटे चाटत. सोमवारी त्यांच्या बोटांना ती आंबट चव अजून असे, असे तेच सांगत. तात्या गोफण घेऊन ज्वारी राखायच्या माळ्यावर चढले की ते खाली उभे राहून भोरड्या पाहत. एकदा धीर करून म्हणाले, ‘तात्या, जरा थांबा की. बसू दे थोडा वेळ.’

‘तुमी बगा, म्या हाकलतो,’ तात्या वरून म्हणाले. ‘न्हाय हाकलल्या तर उडतील कशा? आन् न्हाय उडल्या तर तुमी बगणार काय?’

पुढच्या येळवशीला सर बोलावणे नसताना गेले. बोलावण्याची गरज नव्हती. त्यानंतरच्या वर्षी गिरजाबाई दगड धुताना म्हणाली, ‘सर, दर साली नुसतं जेवायला येता. पुढल्या बारीला एक दगड तुमी आणा. चार आमचे, एक तुमचा.’

तात्या हसले. ‘लावलं का कामाला सरांना!’

ती हे सहज बोलली असावी. सरांनी ते वर्षभर धरून ठेवले. ज्या माणसाला इथे इंचभर जमीन नव्हती, सोयरे नव्हते, देव नव्हता, त्याला एका शेताच्या मांडणीतली एक जागा मिळाली होती. येळवशीच्या आधी ते धरणाच्या काठावर फिरून दगड शोधत. हातात घेऊन वजन पाहत, ठेवून देत, पुढे जात. एका वर्षी निवडलेला दगड त्यांनी टेबलावर आणून ठेवला. शिपायाला तो कचरा वाटला. त्याने तो अंगणात फेकला. दुपारी कार्यालयप्रमुख अंगणात गुडघ्यांवर बसून खडी चाळताना आम्ही पाहिले.

‘सर, दगडच हाय. म्या दुसरा आणून देतो,’ शिपाई कळवळून म्हणाला.

‘दुसरा कसा चालेल? मी हा पाहिलाय.’

दगड सापडला. त्या येळवशीला तो पाचवा म्हणून बसला, चुन्याने पांढरा झाला, आणि दुसऱ्या दिवशी बांधावर गेला. सर म्हणाले की, बांधावर टाकल्यावर त्यांना तो ओळखता आला नाही. ही तक्रार नव्हती. सांगताना त्यांना गंमत वाटत होती.

निवृत्तीनंतर ते मालवणला गेले नाहीत. भावाचे फोन येत राहिले. ‘येतो, येतो’ म्हणत राहिले. माकणीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सकाळी धरणावर, दुपारी तात्यांच्या शेतात. गावातले लोक त्यांना ‘पेपरवाले सर’ म्हणत आणि त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत. अर्जातली विशेषणे ते कापत.

याच वर्षांत शिवार बदलत गेले. पाणी होते, ऊस वाढला. उरलेल्या रानात सोयाबीन. तात्यांचा मुलगा महादेव पुण्यात नोकरीला होता. त्याने बैल विकायला लावले आणि कामाला ट्रॅक्टर सांगू लागला. ज्वारी गेली तशा भोरड्याही येईनाशा झाल्या. कोपीला कडबा नात्यातल्या कुणाकडून तरी आणावा लागे. गुडघ्यांमुळे गिरजाबाईला वाकता येत नव्हते. एका येळवशीला ऐन पूजेत वारा सुटला, कोप एका अंगाला कलली आणि आतल्या दिव्याने कडबा पेटला. सरांनी आंबिलीचे मडके उचलून त्यावर ओतले. फारसे जळले नाही. गिरजाबाईच्या पदराची कड तेवढी काळी झाली. ती हसत होती. ठिणगी उरली नाही ना ते सर चाचपून पाहत होते. संध्याकाळी ते मला फोनवर म्हणाले, ‘तिथं काहीतरी पक्कं करायला हवं.’

ते त्यांनी केले. गवंडी, सिमेंट, फरश्या सगळे आपल्या खर्चाने. तात्यांना विचारले होते. तात्या म्हणाले, ‘देवाचं म्हणल्यावर न्हाय कसं म्हणावं, सर.’ सरांनी तो होकार धरला. दुसऱ्याच्या तोंडचा शब्द चार वेळा तपासणाऱ्या माणसाने हा एकदाही तपासला नाही. उन्हाळ्यात काम पुरे झाले. माणसाच्या कमरेएवढ्या ओट्यावर स्लॅबचे लहान देऊळ, आत पांढऱ्या फरश्या, पुढे लोखंडी जाळीचे दार. पाचही दगड सिमेंटमध्ये पक्के बसवलेले आणि पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलेले. नावाची पाटी लावायला गवंड्याने सुचवले, तर सरांनी त्याला झापले. मला मात्र त्यांनी बोलावून घेतले. ‘ये, बघून जा,’ म्हणाले. ‘आता वारा येऊ दे, पाऊस येऊ दे.’

पहिली येळवस आली तेव्हा मी होतो. करायला काही नव्हते. पेंढ्या बांधायच्या नव्हत्या, लुगडे टाकायचे नव्हते, चुना कालवायचा नव्हता. महादेव पुण्याहून आला होता. त्याने जाळीचे दार उघडले, फडक्याने धूळ पुसली आणि मोबाइलवर फोटो काढला. गिरजाबाईने उभ्यानेच हळदकुंकू वाहिले. तात्या शेताला फेरी घालून आले. उसाच्या कडेने जाताना त्यांचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही.

सर जरा उशिरा आले. हातात कापडी पिशवी होती. सवयीने त्यांनी आत हात घातला, दगड बाहेर काढला आणि देवळापुढे उभे राहिले. काळा, एका बाजूने चपटा दगड. आत पाच होते. पाचही पक्के.

शेवटी तात्या म्हणाले, ‘ठिवा की सर. भाईर पायरीवर ठिवा. तिथं बी चालतंय.’

सरांनी तो पायरीवर ठेवला. जवळच आमच्या चपला होत्या. गिरजाबाईने त्या उचलून लांब नेऊन ठेवल्या. तिने एवढेच केले. सर जेवले, भज्जी पुन्हा मागून घेतली. महादेवने विचारले, ‘सर, रंग ह्याच साली मारावा का पुढं?’

संध्याकाळी पंगत उठल्यावर त्यांनी तात्यांना बाजूला घेतले. मी हात धूत होतो. बोलणे ऐकू येत होते.

‘तात्या, हे पाडून टाकू. मजूर मी लावतो. पुन्हा कडब्याची कोप करू. कडबा मी आणतो, कुठूनही आणतो.’

तात्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढला आणि पुन्हा बांधला.

‘सर, कडब्याचा देव दुसऱ्या दिवशी मोडायचाच असतोय. ती रीतच हाय. पर ह्यो बांधलेला. ह्याला घण कोण मारंल? म्या न्हाय मारायचो. पोराला बी मारू द्यायचो न्हाय.’

‘मी मारतो.’

‘तुमाला बी न्हाय मारू द्यायचो,’ तात्या म्हणाले. आवाज मऊ होता. ‘तुमी आमचे हाव, म्हूनच न्हाय.’

मोटारसायकलपर्यंत सर माझ्याबरोबर आले. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, ‘त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बैलं खातेत म्हणून. मी ऐकलं होतं.’

मग म्हणाले, ‘पाहिलंही होतं.’

त्या वर्षात ते शेताकडे कमी जाऊ लागले. धरणावर जात. खतांची पोती पावसात भिजू नयेत म्हणून महादेवने ती देवळाच्या ओट्याला टेकवून वर ताडपत्री टाकली होती. गिरजाबाई ती दर वेळी सरकवायला सांगे आणि दर वेळी ती तिथेच असत. तात्या मला एकदा कळंबच्या बाजारात भेटले, तेव्हा म्हणाले, ‘सरांना सांगा, राग धरू नका म्हणावं. आमी काय बी मनात ठिवलं न्हाय.’ मी तो निरोप दिला. सर म्हणाले, ‘त्यांनी नाहीच ठेवलं. तेच तर.’

त्यांना मी शेवटचे पाहिले ते पुढच्या येळवशीला; त्यानंतर ते मालवणला भावाकडे गेले. पोती हलवली होती, जाळीचे दार उघडे होते. सर वेळेवर आले. खांद्याला तीच कापडी पिशवी होती आणि तिच्या तळाशी वजन होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही. देवळाला नमस्कार केला. तो ते पूर्वी करत नसत. कोपीपुढे नुसते बसत.

‘सर, बसा की. उंडे गरम हायेत,’ गिरजाबाई म्हणाली.

‘आज नको, वहिनी. पोट बरं नाही.’

‘मग आंबील तरी घ्या. पोटाला चांगली असतीय.’

आंबील त्यांनी उभ्याने घेतली. पेला स्वतः विसळून ठेवला. तात्यांनी हाताला धरून त्यांना बसवायला पाहिले, पहिल्या दिवशी धरले होते तसे. सर हसले, तात्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि तो हळूच सोडवून घेतला. मग पाण्याच्या दिशेने चालू लागले. गिरजाबाईने मला खुणावले, म्हणून मी थोडे अंतर ठेवून मागे गेलो.

धरणाचे पाणी मागे सरले होते. काठावरचा गाळ अर्धवट वाळलेला होता आणि त्याच्यावर त्यांच्याच चपलांचे सकाळचे ठसे होते. ते त्या ठशांवरून चालत गेले. एका जागी थांबले, चष्मा पुसला, खाली पाहिले. दगड जिथून उचलला होता तिथे ओली खळगी अजून तशीच होती. शेजारच्या शिवारातून कुणाचे तरी ‘ओलग्या ओलग्या’ ऐकू आले. सर खाली बसले, पिशवीतून दगड काढला, हातात फिरवून त्याची कोणती बाजू खाली होती ते पाहिले आणि त्या कुशीवर तो खळगीत ठेवला. नीट बसला नाही, म्हणून पुन्हा उचलला, बोटाने खळगीतली माती सारखी केली आणि पुन्हा ठेवला.